पुण्यातून फरच्या व्यापारावर पीएचडी: विषय, दप्तर आणि हिशेबाच्या वह्या

उत्तर अमेरिकेतला फरचा व्यापार आणि त्या निमित्तानं तिथले मूळ रहिवासी व युरोपीय यांच्यात जुळलेले-बिघडलेले संबंध, हा विषय पुण्यात बसून पीएचडीला घेता येतो. हा व्यापार करणाऱ्या लंडनच्या हडसन्स बे कंपनीच्या १६७० ते १८७० या काळातल्या नोंदींच्या बऱ्याच मायक्रोफिल्म आता इंटरनेटवर फुकट उघडतात. कागद मिळण्याची अडचण त्यामुळे पूर्वीइतकी राहिलेली नाही. ते वाचायचे कसे, ही अडचण आहे. सिद्धांतापासून सुरुवात करू नका. कंपनीच्या एका व्यापारी ठाण्याची रोजनिशी आणि त्याच ठाण्याची हिशेबाची वही घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. नुसती रोजनिशी वाचली की कंपनीच्या कारभाऱ्याचं म्हणणंच हाती लागतं. समोरच्या माणसानं काय मागितलं, काय नाकारलं, पुढच्या वर्षी तो फिरकलाच नाही, हे बहुतेक वेळा वहीतून कळतं.

विषय आवळायचा कसा

'फरचा व्यापार आणि मूळ रहिवासी-युरोपीय संबंध' हे शीर्षक जसंच्या तसं सल्लागार समितीपुढे नेऊ नका. त्यात अर्धं खंड, दोन-अडीचशे वर्षं आणि किमान दोन युरोपीय भाषा आल्या. ठाणं, कालखंड आणि प्रश्न ही तिन्ही एका वाक्यात बसली पाहिजेत. उदाहरणार्थ: 'यॉर्क फॅक्टरी, १७१४ ते १७६३: मालाच्या दर्जाबद्दल क्री आणि असिनिबॉइन गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि लंडनच्या खरेदीवर त्यांचा परिणाम'. यॉर्क फॅक्टरी म्हणजे कारखाना नव्हे, हडसन उपसागरावरचं व्यापारी ठाणं; क्री आणि असिनिबॉइन हे तिथले मूळ रहिवासी समाज. इथे दोन्ही वर्षांना कारण आहे. १७१३ च्या उट्रेक्टच्या तहानं हडसन उपसागराचा किनारा इंग्रजांकडे आला आणि पुढच्या वर्षी कंपनीनं यॉर्कचा ताबा घेतला. १७६३ च्या पॅरिस तहानं कॅनडातली फ्रेंच सत्ता संपली. दुसरा पर्याय 'कंबरलँड हाउस, १७७४ पासून पुढची वीस वर्षं', म्हणजे कंपनी किनारा सोडून आत शिरली तो काळ. तिसरा, १८२१ नंतरचं मूस फॅक्टरी: माँट्रियलची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली, स्पर्धा संपली, आणि गव्हर्नर जॉर्ज सिम्पसननं ठाणी आणि माणसं कमी करायला घेतली. पंचवीस-तीस वर्षं पुरतात. पन्नास वर्षं घ्यायची असतील तर प्रश्न अगदी अरुंद हवा.

कालखंड ठरवण्याआधी भाषेचा विचार करा. हडसन्स बे कंपनीचा कारभार इंग्रजीत. माँट्रियलहून चालणारा व्यापार, 'व्हॉयाजर' नावेकऱ्यांचे करारनामे, जेझुइट पाद्र्यांचे वृत्तांत हे सगळं फ्रेंचमध्ये. पाद्र्यांच्या वृत्तांतांची ७३ खंडांची छापील आवृत्ती (१८९६ ते १९०१) इंग्रजी भाषांतरासह मिळते. नोटरीकडे झालेले करार मात्र हस्तलिखित फ्रेंचमध्येच वाचावे लागतात. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियान्स फ्रान्सेजमध्ये दोन वर्षं फ्रेंच झालं असलं तरी अठराव्या शतकातल्या नोटरीचं अक्षर लागायला आणखी वर्षभर धरा. तेवढा वेळ नसेल तर उपसागराच्या बाजूचा विषय घ्या आणि फ्रेंच बाजू भाषांतरांवर भागवा. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा, म्हणजे परीक्षकाला विचारावं लागणार नाही.

मार्गदर्शक शोधताना 'उत्तर अमेरिकेचा इतिहास' हे विशेष क्षेत्र असलेली व्यक्ती इथे मिळेलच असं धरू नका. आर्थिक इतिहास, कंपनी सरकारचा काळ किंवा आदिवासी इतिहास यांतलं कोणी असेल तर काम चालतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार सहमार्गदर्शक दुसऱ्या संस्थेतला घेता येतो. त्याचा उपयोग करा. मुलाखतीत 'हे पुण्यातून कशाला?' हा प्रश्न येणारच. ईस्ट इंडिया कंपनीशी तुलना हे उत्तर पटकन सुचतं, पण ते जपून द्या. सनद १६०० ची आणि १६७० ची, दोन्ही लंडनच्या, दोन्हींचे भागधारक आणि समित्या, इथवर साम्य आहे. पण ईस्ट इंडिया कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली. त्याच काळात हडसन उपसागरावरच्या ठाण्यांत मोजकी माणसं होती आणि शेजारच्या क्री शिकाऱ्यांनी हंस व हरणाचं मांस आणलं नाही तर त्यांच्या जेवणाचे हाल होत. सारा वसूल करणारी कंपनी आणि शेजाऱ्याच्या शिकारीवर हिवाळा काढणारी कंपनी यांना एकाच मापानं मोजता येत नाही. तुलना करायचीच तर हिशेबाची पद्धत, नोकरांचा खासगी व्यापार आणि लंडनच्या समितीची पत्रं एवढ्यापुरती करा. तिथे ती खरोखर फळते, आणि गोखले इन्स्टिट्यूटचं ग्रंथालय त्यासाठी जवळच आहे.

आधी काय वाचून ठेवायचं

याला फार वेळ देऊ नका. कोर्सवर्क चालू असतानाच उरकतं. हॅरल्ड इनिसनं १९३० मध्ये कॅनडाचा आर्थिक इतिहास बीव्हर या फरसाठी मारल्या जाणाऱ्या प्राण्याभोवती मांडला, पण त्यात मूळ रहिवासी मागच्या बाकावर होते. १९७४ मध्ये आर्थर रे यांनी कंपनीच्या वह्या वापरून त्यांना व्यापारातले हिशेबी भागीदार म्हणून पुढे आणलं. १९८० मध्ये सिल्व्हिया व्हॅन कर्क आणि जेनिफर ब्राउन या दोघींनी स्वतंत्रपणे स्त्रिया आणि कुटुंबं यांच्याकडे लक्ष वळवलं. १९९१ मध्ये रिचर्ड व्हाइट यांनी ग्रेट लेक्सच्या प्रदेशासाठी 'मधल्या भूमी'ची कल्पना मांडली: कोणाचीच पूर्ण सत्ता नाही, म्हणून दोघांनाही एकमेकांच्या रीती अर्ध्यामुर्ध्या समजून घ्याव्या लागतात. ही कल्पना मोहक आहे आणि म्हणूनच धोक्याची. ती त्या प्रदेशाच्या आणि त्या काळाच्या पुराव्यावर उभी आहे. यॉर्क फॅक्टरीवर उचलून चिकटवली तर जाणकार परीक्षक पहिल्याच पानावर धरतो.

सरकारी विद्यापीठांसाठी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ऑक्सफर्ड, केंब्रिज, टेलर अँड फ्रान्सिस यांची नियतकालिकं आहेत. आपल्या संस्थेचं लॉगिन जयकर ग्रंथालयात विचारून आधीच चालू करून घ्या. 'कॅनडियाना' हा जुन्या छापील पुस्तकांचा संग्रह २०१९ पासून सगळ्यांना खुला आहे. माणसांची माहिती हवी असेल तर कॅनडाचा चरित्रकोश इंटरनेटवर फुकट मिळतो. व्हॉयाजरांच्या पस्तीस हजारांहून अधिक करारांची सूची सेंट बोनिफेसच्या इतिहास मंडळानं शोधता येईल अशी केली आहे.

दप्तराची रचना

कंपनीचं दप्तर कॅनडात विनिपेगला, मॅनिटोबा प्रांताच्या अभिलेखागारात आहे. ते १९७४ मध्ये लंडनहून तिथे हललं आणि १९९४ मध्ये कंपनीनं ते प्रांताला देऊन टाकलं. २०२५ मध्ये कंपनीची दुकानं बंद पडली तेव्हा अनेकांना दप्तराची काळजी वाटली होती; हे दप्तर त्याआधीच सार्वजनिक झालेलं आहे. २००७ मध्ये त्याची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत झाली.

मांडणी अक्षरांनी केलेली आहे. 'ए' म्हणजे लंडनचं मुख्यालय: समितीच्या बैठका, ठाण्यांना गेलेली पत्रं, मालाची खरेदी, लिलाव. 'बी' म्हणजे ठाणी. 'सी' जहाजं. 'डी' गव्हर्नर आणि अधिकारी. 'ई' संकीर्ण व खासगी कागद. 'एफ' संलग्न कंपन्या, त्यात नॉर्थ वेस्ट कंपनीचे थोडेफार कागद. 'जी' नकाशे. तुमचा मुक्काम मुख्यतः 'बी' मध्ये. तिथे प्रत्येक ठाण्याला क्रमांक आहे: यॉर्क फॅक्टरी २३९, अल्बनी ३, चर्चिल ४२, मूस १३५. क्रमांकापुढचं छोटं अक्षर कागदाचा प्रकार सांगतं. 'ए' रोजनिशी, 'बी' गेलेली पत्रं, 'सी' आलेली पत्रं, 'डी' हिशेब, 'ई' जिल्ह्याचे अहवाल, 'एफ' नोकरांच्या याद्या. म्हणजे बी.२३९/ए ही यॉर्कच्या रोजनिशांची मालिका आणि बी.२३९/डी ही तिथल्याच हिशेबांची. नवखा विद्यार्थी 'ए' मालिका उतरवून घेतो आणि 'डी' कडे बघत नाही, कारण रोजनिशी गोष्टीसारखी वाचता येते. पहिल्याच दिवशी दोन्ही उतरवा.

ठाण्यांच्या छोट्या 'ई' मालिकेतले जिल्हा अहवाल प्रामुख्यानं १८१० च्या दशकापासून मिळतात. त्यांत कुटुंबांची मोजदाद, शिकारीची स्थिती, जमीन कशी आहे हे एकत्र सापडतं. अठराव्या शतकावर काम असेल तर ते तुमच्या कामाचे नाहीत, आणि मागच्या काळाला ते आकडे लावू नका.

नॉर्थ वेस्ट कंपनीचं असं एकसंध दप्तर नाही. ती माँट्रियलच्या भागीदारांची संस्था होती; कागद विखुरले आणि बरेचसे गेले. तिच्यावर काम करायचं तर उरलेल्या रोजनिशा कुठे कुठे आहेत याची यादी आधी करा, मग विषय ठरवा.

अक्षर, तारखा, संक्षेप

मायक्रोफिल्मच्या प्रतिमांवर शब्दशोध चालत नाही, पानं डोळ्यांनीच वाचावी लागतात. ज्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दप्तरात मोडी वाचली आहे त्यांना इथे मोठा फायदा होतो. लिपी वेगळी, पण सवय तीच: अक्षर अक्षर लावत न बसता ओळीचा अर्थ धरून शब्द ओळखायचा, एका कारकुनाची वळणं एका कागदावर टिपून ठेवायची, आणि अडलेली जागा चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं. सुरुवातीला दिवसाला तीन-चार पानं झाली तरी पुष्कळ. महिन्याभरात वेग तिपटीनं वाढतो.

अडणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. शब्दाच्या सुरुवातीला किंवा मध्ये येणारा लांब एस हा एफसारखा दिसतो. वाय अक्षराच्या डोक्यावर छोटं ई असेल तर तो शब्द 'द', आणि छोटं टी असेल तर 'दॅट'. डीपुढे वर चढवलेला ओ म्हणजे 'वरीलप्रमाणे'. 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे मागचा. अठराव्या शतकात कंपनीचे बरेच नोकर ऑर्कनी बेटांवरचे होते आणि कानाला ऐकू येईल तसं लिहीत, त्यामुळे एकाच माणसाचं किंवा नदीचं नाव एका रोजनिशीत चार तऱ्हांनी येतं. उतरवताना स्पेलिंग सुधारू नका. मूळ तसंच ठेवा आणि प्रमाण रूप वेगळ्या रकान्यात द्या.

तारखांत सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ब्रिटननं सप्टेंबर १७५२ मध्ये ग्रेगरियन पंचांग स्वीकारलं. त्याआधीच्या अठराव्या शतकातल्या इंग्रजी तारखा फ्रेंच तारखांच्या अकरा दिवस मागे आहेत, आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारीतली एखादी नोंद १७१६ ची दिसते आणि आपल्या हिशेबानं ती १७१७ ची असते. शके, सुहूर सन आणि इसवी सन यांची जंत्री लावायची सवय असलेल्या माणसाला यात नवल नाही, पण दोन रकाने ठेवायला विसरू नका: 'कागदावरची तारीख' आणि 'नवीन तारीख'. बर्फ कधी फुटलं, नावा कधी आल्या याची दोन बाजूंच्या कागदांवरून तुलना करायची असेल तर अकरा दिवसांत सगळा निष्कर्ष उलटा होऊ शकतो.

व्यापारी वर्षही वेगळं. एकोणिसाव्या शतकात 'आउटफिट' १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपतं. त्याआधी रोजनिशी साधारण जहाज परत गेल्यापासून पुढच्या वर्षीच्या जहाजापर्यंत चालते. पहिलं आणि शेवटचं पान बघूनच वर्षाचं नाव द्या.

अक्षर वाचून देणारं 'ट्रान्सक्रिबस' हे सॉफ्टवेअर वापरता येतं. एका कारकुनाची वीस-पंचवीस ते सत्तर-पंचाहत्तर पानं स्वतः बिनचूक उतरवून दिली की ते त्या हाताला सरावतं. कारकून बदलला की पुन्हा चुका सुरू. रोजनिशीसाठी त्याची मदत होते. हिशेबाच्या रकान्यांत ते आकडे एका ओळीतून दुसरीत सरकवतं, तेव्हा वह्या हातानंच उतरवा.

आणखी एक सावधगिरी. हाती असलेली प्रत मूळ आहे की नक्कल, हे दर वेळी तपासा. कंपनीचा नोकर अँथनी हेंडे १७५४-५५ मध्ये यॉर्कहून क्री लोकांबरोबर पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात जाऊन आला. त्याची मूळ रोजनिशी उपलब्ध नाही. चार नकला आहेत आणि महत्त्वाच्या जागी त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका नकलेवर विसंबून केलेलं विधान दुसरी नकल खोडून काढते. असा कागद वापरताना चारही पाठ शेजारी मांडणं टाळता येत नाही.

हिशेबाची वही

वहीत रुपया-पैशासारखं नाणं नाही. मोजमाप 'मेड बीव्हर'मध्ये आहे. हिवाळ्यात मारलेल्या, पूर्ण वाढलेल्या बीव्हरचं एक चांगलं, तयार कातडं म्हणजे एक मेड बीव्हर. पुढे त्याला 'एमबी' म्हणू. मार्टेन, कोल्हा, अस्वल, ऊद यांची कातडी ठरलेल्या प्रमाणात एमबीत बदलत. बंदूक, दारूगोळा, किटली, ब्लँकेट, तंबाखू यांनाही एमबीत दर. मालाच्या दरपत्रकाला अधिकृत प्रमाण म्हणत आणि इतर कातड्यांच्या दरपत्रकाला तुलनात्मक प्रमाण. दोन्ही लंडनच्या समितीच्या मंजुरीनं चालत आणि ठाण्यागणिक वेगळी असत.

ठाण्यावरचा प्रमुख त्या दरानं विकत नसे. तो थोडं जास्त घेई: माप कमी भरून, ब्रँडीत पाणी घालून, किंवा सरळ वाढीव दर सांगून. कातड्यांची आवक आणि अधिकृत दरानं गेलेला माल यांतल्या फरकाला वहीत 'ओव्हरप्लस' म्हणतात. सगळ्या प्रबंधाचा कणा होऊ शकेल असा हा आकडा आहे. रीत दाखवण्यापुरते बनवलेले आकडे घेऊ. समजा, एका वर्षी सगळी कातडी मिळून १२,४०० एमबी आली आणि विकलेला माल अधिकृत दरानं ९,००० एमबीचा. ओव्हरप्लस ३,४००, म्हणजे विकलेल्या मालाच्या जवळजवळ ३८ टक्के. आता भेटींचं, म्हणजे भेटवस्तूंचं, खातं बघा. त्यात ६०० एमबीचा माल गेला असेल तर वाढीव वसुलीतला तेवढा भाग, म्हणजे जवळजवळ १८ टक्के, परत गिऱ्हाइकाकडे गेला. या दोन टक्केवाऱ्या वर्षावर्षाला काढून आलेख करा आणि त्याखाली फ्रेंच व्यापारी जवळ केव्हा होते, ते केव्हा नव्हते, याची पट्टी लावा. स्पर्धा असली की ओव्हरप्लस उतरायला आणि भेटी वाढायला हव्यात. तसं न दिसलेली वर्षंच जास्त मोलाची. रोजनिशी त्या वर्षांसाठी ओळ न ओळ वाचा.

भेटींचं खातं हा शिष्टाचाराचा खर्च म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. तसं करू नका. आतल्या प्रदेशातून नावांचा तांडा यायचा तो एका 'व्यापारी कप्ताना'च्या मागे. आधी भेटी (कप्तानाला कोट, टोपी, तंबाखू, ब्रँडी), तंबाखूची चिलीम, भाषणं आणि त्यांत 'आम्हाला माप पुरं द्या' ही मागणी; खरेदी-विक्री त्यानंतर. कंपनीच्या लेखी तो खर्च होता, पाहुण्यांच्या लेखी संबंध नवा करणं होतं. रोजनिशीत हे दोन ओळींत उरकलेलं असतं. वहीत किती कप्तानी कोट गेले यावरून त्या वर्षी किती पुढारी आले याचा अंदाज बांधता येतो.

गिऱ्हाइकाची पसंतही वहीत दिसते, पण 'ए' मधल्या लंडनच्या खरेदीशी जोडली तरच. तंबाखूचं उदाहरण घ्या. गिऱ्हाइकांना ब्राझीलचा वळलेला तंबाखू आवडे, म्हणून कंपनी तो पोर्तुगालच्या वाटेनं खरेदी करी. थंडीत फुटणाऱ्या बंदुका, जड किटल्या यांच्या तक्रारी ठाण्याच्या पत्रांतून लंडनला जात आणि मालात बदल होई. एक वस्तू निवडा आणि तिचा प्रवास तिन्ही ठिकाणी शोधा: ठाण्याचं पत्र, समितीचा ठराव, पुढच्या जहाजाचा माल. अशा एका वस्तूवर एक प्रकरण आरामात उभं राहतं.

बीव्हरचे दोन प्रकार वेगळे मोजा. 'कोट' म्हणजे एक-दोन हिवाळे अंगावर वापरलेलं कातडं. वापरानं वरचे राठ केस झडत आणि आतली मऊ लोकर उरे. त्या लोकरीच्या केसांना बारीक काटे असतात, म्हणून तिचा नमदा घट्ट बसतो, आणि युरोपातल्या टोप्या त्याच्याच होत. 'पार्चमेंट' म्हणजे न वापरलेलं, ताणून वाळवलेलं कातडं. कोणत्या वर्षी कोणतं जास्त हवं हे बाजार ठरवी. दोन्ही एकाच रकान्यात घातली तर भाव आणि आवक यांचा संबंधच दिसेनासा होतो.

नेहमी होणाऱ्या आणखी चुका: एमबीला पौंडाशी एकदाच गुणून टाकणं (लंडनमध्ये बीव्हर वजनावर विकला जाई, नगावर नाही); दोन ठाण्यांचे एमबी सरळ बेरीज करणं; ठाण्यावर आलेली कातडी आणि जहाजानं गेलेली कातडी एकच समजणं, कारण जहाज आलं नाही तर माल वर्षभर पडून राही. आणि आवक घटली की लगेच भावाकडे बोट दाखवणं. १७८२-८३ ची घट घ्या. १७८१-८२ मध्ये देवीच्या साथीनं आतल्या प्रदेशातली वस्तीच्या वस्ती संपली, आणि ऑगस्ट १७८२ मध्ये फ्रेंच नौदलाच्या ला पेरूझनं चर्चिलचा किल्ला आणि यॉर्क दोन्ही ताब्यात घेतली. तिथे भावाचा आलेख काढून काहीच सिद्ध होत नाही.

वहीसाठी तक्ता असा ठेवा: दप्तर क्रमांक, पानाचा क्रमांक, आउटफिट, कागदावरची तारीख, नवीन तारीख, मूळ शब्द, प्रमाण नाव, नग, एकक, एमबी दर, एकूण एमबी, प्रतिमेचं नाव, शेरा. या दप्तरात पानाची मागची बाजू 'डी' लावून दाखवतात. ती नोंद पहिल्यापासून करा, नाहीतर तिसऱ्या वर्षी तळटीपा तपासताना शेकडो पानं पुन्हा उघडावी लागतात. फोटोंसाठी 'ट्रॉपी', संदर्भांसाठी 'झोटेरो'. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

माणसं, नावं आणि न लिहिलेलं

रोजनिशीतली नावं कंपनीची आहेत. 'नॉर्दर्न इंडियन' म्हणजे बहुधा उत्तरेकडचे डेने लोक, 'होमगार्ड' म्हणजे ठाण्याजवळ राहून शिकार पुरवणारे क्री, 'अपलँडर' म्हणजे आतून येणारे कोणीही, त्यात क्री आणि असिनिबॉइन दोन्ही. अवतरणात मूळ शब्द ठेवा. स्वतःच्या लिखाणात राष्ट्राचं आजचं नाव, आणि ओळख पक्की नसेल तर 'आतल्या प्रदेशातून आलेले' एवढंच. अंदाजानं नाव देऊ नका. आपल्याकडचा 'आदिवासी' हा शब्दही सरसकट वापरू नका. त्याच्यामागे भारतीय कायदा आणि राजकारण आहे. ही दोन्ही जगं कुठे जुळतात, कुठे नाही, याचा विचार करायला पुण्यातली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि तिचं संग्रहालय उपयोगी पडतं.

थॅनडेल्थर या डेने स्त्रीमुळे क्री आणि डेने यांच्यात तह झाला आणि चर्चिलच्या ठाण्याचा मार्ग मोकळा झाला. ती १७१७ मध्ये वारली. यॉर्कच्या रोजनिशीत तिथला प्रमुख जेम्स नाइट तिला 'गुलाम बाई' अशाच अर्थाच्या शब्दांनी उल्लेखतो. तिचं नाव टिकलं ते डेने लोकांच्या सांगण्यात. इतकी महत्त्वाची बाई कागदात बिननावाची असेल तर बाकीच्यांना नावानं शोधून सापडणार नाहीत. कामानं शोधा: बर्फातल्या बुटांच्या जाळ्या विणणं, मोकासिन (मऊ कातड्याचे जोडे) शिवणं, कातडी कमावणं, सशांचे फास. हे काम अन्नधान्य आणि मजुरीच्या नोंदींत येतं. कंपनीच्या माणसांचे तिथल्या रीतीनं झालेले विवाह वारसांच्या कागदांत आणि मृत्युपत्रांत दिसतात. त्या कुटुंबांतून पुढे आलेल्या मेटी लोकांचा शिकारीचा हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ च्या पॉवली खटल्यात मान्य केला. १९९७ च्या डेल्गामुक्व निकालानं मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून जागा दिली.

म्हणजे हे कागद कोर्टातही चालतात. एखाद्या ठाण्याच्या आसपास कोणत्या वर्षापासून कोण राहत होतं, याबद्दलचं तुमचं सैल वाक्य कोणी तरी वापरू शकतं. 'इथे वस्ती नव्हती' असं लिहू नका. 'या रोजनिशीत या वर्षी वस्तीची नोंद नाही' असं लिहा.

आजच्या समाजांशी बोलायचं असेल तर परवानगी आधी. कॅनडातल्या संशोधन-नीतीच्या मार्गदर्शक तत्त्वांचं नववं प्रकरण फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी यांच्याविषयीच्या संशोधनासाठीच आहे. माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा समाजाकडे राहावा अशी 'ओकॅप' तत्त्वं आहेत. पुण्यातल्या नीती समितीचा अर्ज भरताना ही दोन्ही वाचून त्यांच्या भाषेत उत्तरं लिहा. या पत्रव्यवहाराला सहज सहा महिने जातात. वेळ नसेल तर मुलाखती न घेता प्रसिद्ध झालेल्या मौखिक परंपरांवर काम करा. त्यात कमीपणा नाही.

विनिपेगची फेरी

पहिल्या वर्षी जाऊ नका. ऑनलाइन मालिका वाचून झाल्यावर, काय पडद्यावर दिसत नाही याची यादी हातात घेऊन जा: फिल्मवर काळी पडलेली पानं, शिवणीत अडकलेले आकडे, नकाशे, खासगी कागद. तीन-चार आठवडे पुरतात. शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूटच्या संशोधन फेलोशिप बघा. योजना वर्षागणिक बदलतात, तेव्हा अर्जाची तारीख त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. कागदांचे क्रमांक आधी ईमेलनं कळवा आणि अभिलेखागाराचं उत्तर छापून व्हिसाच्या कागदांत ठेवा. फोन करायचा तर पुण्यातले रात्रीचे आठ म्हणजे तिथे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. मे ते सप्टेंबर हा काळ बरा. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जाणं तिथे नेहमीचंच, आणि तेवढ्या कपड्यांचा खर्च फेलोशिपमध्ये धरलेला नसतो.

मुदत आणि प्रबंध जमा करणं

नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पहिलं वर्ष कोर्सवर्क, अक्षर आणि एका वर्षाची वही पूर्ण उतरवणं. दुसरं आणि तिसरं वर्ष मालिका. चौथ्यात विनिपेग आणि आलेख. लिखाणाला दीड वर्ष ठेवा. वह्या उतरवणं कधीच संपत नाही, म्हणून दर सहामाही अहवालाबरोबर एक प्रकरण कच्चं का होईना लिहून द्या. भाषा इंग्रजी ठेवली तर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना ते वाचता येतं. मराठीत करायचा असेल तर सविस्तर इंग्रजी सारांश जोडा.

मंजुरीनंतर प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जातो आणि जगाला खुला होतो. कोणत्या समाजानं काही माहिती, एखादी जागा किंवा कथा बाहेर जाऊ नये असं सांगितलं असेल तर ती आधीच वगळा. प्रबंध एकदा वर चढला की ती परत घेता येत नाही. त्यांना पाठवायची प्रतही तेव्हाच तयार करा आणि सोबत तुमचा वह्यांचा तक्ता द्या, पानांच्या क्रमांकांसकट.